अवेळी द्राक्षांचा वास

आमच्या घरी द्राक्षं येत नाहीत. मुलगी लहान असताना बाजारात हातगाडीपाशी हट्ट करायची, मी तिला चिकू घेऊन द्यायचे. नवऱ्याला सांगून ठेवलंय की द्राक्षांनी मला खोकला लागतो. खोटं आहे ते. खरं काय ते सांगायला बसलं की मनगटापासून सुरुवात करावी लागते, म्हणून आजवर कधी बसलेच नाही.

मी नर्स आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात डॉक्टर नवरा-बायकोचा खाजगी दवाखाना होता, तिथं मी थिएटर सिस्टर म्हणून लागले. मॅडम बाळंतपणं आणि सिझर करायच्या, सर हर्निया, अपेंडिक्स. थिएटर म्हणजे मागच्या बाजूची एक खोली. हिरवी फरशी, एक टेबल, वरचा मोठा दिवा आणि कोपऱ्यात वाफेचा डबा. हत्यारं, कपडे, गॉज, सगळं त्या वाफेतून काढून बांधून ठेवायचं, डॉक्टरांच्या हातात द्यायचं, माझं काम ते. आणि त्याआधी हात धुवायचे.

हात धुणं हे आमच्यात साधं काम नाही. नळाला लांब दांडी होती, ती कोपरानं ढकलायची. साबण नखांपासून लावत कोपरापर्यंत न्यायचा. हात वर धरायचे, पाणी बोटांकडून कोपराकडं ओघळलं पाहिजे, उलटं नाही. उलटं आलं तर वरची घाण धुतलेल्या बोटांवर येते. धुतल्यावर कशालाही शिवायचं नाही. थिएटरचं दारसुद्धा आपण ढकलायचं नाही. मी हात वर करून दारासमोर उभी राहायची आणि मावशी दार उघडायची.

मावशी म्हणजे दवाखान्यातली झाडूपोछा करणारी बाई. माझ्यापेक्षा बरीच मोठी, दातांना मिश्री, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. थिएटरची फरशी, वॉर्डातल्या गाद्या, रक्ताचे कपडे, सगळं तिच्याकडं. लाल बादली आणि लांब दांड्याचं फडकं घेऊन ती दिवसभर कुठंतरी वाकलेली असायची, पण मी हात धुवायला लागले की न बोलावता दाराशी हजर. दार उघडताना रोज काहीतरी टोला असायचाच.

"या, राणीसायेब. दोन्ही हात वर करून चालल्यात, जनू पोलिसानं धरलंय."

भूल देणारे डॉक्टर धाराशिवहून मोटरसायकलवर यायचे. त्यांना बघितलं की म्हणायची, "ह्यांचं त्वांड बघितलं की मलाच झोप येती, सुई कशाला पायजे?" ते हसायचे. थिएटरात एवढ्या मोकळेपणानं कुणी हसवणारं दुसरं नव्हतं.

त्या काळात माझी दोन बाळं पोटातच गेली होती. दुसऱ्यांदा झालं तेव्हापासून दुसऱ्याच्या बाळाला टेबलावरून उचलताना मी त्याच्या तोंडाकडं बघायचे नाही. तिसऱ्यांदा दिवस राहिले, तेव्हा आई माकणीहून तुळजापूरला अनवाणी जाऊन आली. येताना काळ्या दोऱ्यात ओवलेली एक कवडी घेऊन आली आणि माझ्या डाव्या मनगटावर गाठीवर गाठ मारून बांधली.

"पोर मांडीवर येऊस्तोवर सोडायची न्हाय," ती म्हणाली. "अंघोळीला बी न्हाय, झोपताना बी न्हाय. सोडलीस तर मला सांगू नको, मला ऐकवायचं न्हाय."

पिवळसर, गुळगुळीत कवडी. उलटी करून बघितली की दातेरी फट दिसायची, मिटलेल्या तोंडासारखी. आमच्याकडं कवड्यांच्या माळा घातलेली माणसं लहानपणापासून बघत आलेली, त्यात भ्यायचं काहीच नव्हतं. मला भीती वाटायची ती कवडी सुटण्याची.

मनगटावर काही नको, हे मला माहीत होतं. नुसतं माहीत नव्हतं, नव्या मुलींना तेच मी शिकवायचे. एकीच्या हातातला हिरवा चुडा मी स्वतः साबण लावून उतरवला होता, ती रडत होती तरी. माझं घड्याळ, बांगड्या, सगळं खुंटीवर असायचं. पण कवडी मी काढली नाही. हात धुताना दोरा कोपराकडं वर सरकवायचा, त्यावरून साबण फिरवायचा, वर गाऊनची बाही. कुणाला दिसायचं नाही. काम सुरू झालं, घाम आला की दोरा हळूहळू खाली यायचा. हातमोज्याच्या काठाखाली कवडी मनगटाच्या हाडावर टकटक वाजायची. मॅडम पोट शिवत असायच्या आणि मला आत ती टकटक जाणवायची. मला वाटायचं, माझं बाळ खुशाली कळवतंय.

ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला तेव्हा पहिली जखम बिघडली.

जखम बिघडणं नवं नव्हतं. एखाद्या टाक्याला पू यायचा, ड्रेसिंग करून बरा व्हायचा. हे तसलं नव्हतं. सिझर झालेली बाई चौथ्या दिवसापर्यंत चालती-फिरती असायची. पाचव्या दिवशी अंगात ताप, आणि पट्टी काढली की टाके उसवून जखम ओली. पट्टीवर हिरवट डाग. हिरवा म्हणजे पालेभाजीसारखा नाही, तांब्याच्या भांड्याला चढतो तसा. आणि वास.

त्या वासाचं मला सांगायचंय. पुवाचा वास कुणालाही कळतो, नाकाला पदर लागतो. हा वास गोड होता. पिकून फुटायला आलेल्या द्राक्षांचा. वॉर्डात शिरलं की आधी बरं वाटायचं, कुणीतरी पाहुणा फळं घेऊन आलाय असं. मग लक्षात यायचं की द्राक्षं बाजारात यायला अजून अवकाश आहे.

एकीचं झालं, मग दुसरीचं. वॉर्डात बायका बोलायला लागल्या.

"पाचव्या दिसालाच कसं गं फुटतंय समद्यांचं?"

"पाचवीला कोण येतंय, ठाव न्हाय व्हय तुला?"

"सटवाई पोराचं नशीब लिहाया येती. आईचं पोट उसवून बगाया न्हाय येत."

"न्हाय कशी? काय लिहावं ते सुचत नसंल, मग बगती उसवून."

हसायच्या. पण हसून झालं की एकेक जण आपल्या पट्टीवरून हात फिरवायची. पाचवीची पूजा आमच्याकडं चुकत नाही. बाळंतीण दवाखान्यात असली तर खाटेपाशीच पूजा मांडतात, बाळाच्या उशाशी कोरा कागद आणि पेन ठेवतात, सटवाईला लिहायला. आता बायका पूजा मांडताना हळू बोलायला लागल्या. एका सासूनं सुनेच्या पोटावरच्या पट्टीला लिंबू बांधलं, मी ते सोडून टाकलं. "तुमाला न्हाय कळायचं, सिस्टर," ती म्हणाली. मी बाहीत कवडी घेऊन तिच्यासमोर उभी होते.

ढोकीकडच्या फडावरून एक ऊसतोड करणारी बाई आली. पहिलटकरीण. नवरा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गोणपाट टाकून तिला घेऊन आला होता. बाळ आडवं होतं, मॅडमनी सिझर केलं, मुलगा झाला. ती फार गोड मुलगी होती. थिएटरातून बाहेर आणताना शुद्धीत येत येत मला विचारते, "बाई, कोयता कुठं ठिवला?" तिला वाटलं अजून फडातच आहे. मावशी आणि मी पोट धरून हसलो.

पाचवीच्या दिवशी तिच्याकडं पूजा मांडायला कुणी नव्हतं. सासू फडावर. मावशीनंच मांडली. खलबत्ता पाटा-वरवंटा म्हणून मांडला, हळदी-कुंकू वाहिलं, माझ्या टेबलावरचा कोरा कागद मागून नेला, पेन नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ड्रेसिंगला गेले. पोरगी तापानं फणफणली होती. बाळ तिच्या कुशीत सरकलेलं, आणि तो कागद बाळ आणि तिचं पोट यांच्यामध्ये कसा कोण जाणे अडकला होता. मी ओढून काढला. कोऱ्या कागदावर हिरवट, ओला, बोटाएवढा ओघळ उमटला होता. कडेला वाळून तो चमकत होता. मावशी माझ्या मागं उभी होती.

"लिहिलं," ती एवढंच म्हणाली.

मी कागद चुरगळून बादलीत टाकला. तो पट्टीतून झिरपलेला पू होता हे मला कळत होतं. तरी मी बादली पायानं लांब सारली.

तिला सोलापूरला नेलं. तिथं गर्भपिशवी काढावी लागली. जीव वाचला असं मॅडमनी फोन ठेवल्यावर सांगितलं. तो नवरा गोणपाट न्यायला एकदा आला होता, तेवढंच. पुढं ती कुठल्या फडावर गेली, कुठं गेली, मला कळलं नाही. मी कळून घेतलं नाही.

त्याच आठवड्यात, दुपारी, मी घरी ओसरीवर आडवी झाले होते. पोट आता दिसायला लागलं होतं, कुशीवर झोपायची सवय लागली होती. डावा हात उशीवर, गालाशी. डोळा लागता लागता द्राक्षांचा वास आला.

वाटलं, वॉर्डातला वास केसांत बसला असेल. उठून डोकं धुतलं. परत आडवी झाले. परत वास. साडी हुंगली, उशी हुंगली. मागं कुणी उभं आहे असं वाटून वळून बघितलं. कुणी नव्हतं. मग मनगट नाकाजवळ नेलं.

वास तिथून येत होता.

उन्हात जाऊन बघितलं. काळा दोरा आता काळा राहिला नव्हता, गाठींपाशी हिरवट झाला होता. महिने न् महिने रोज भिजलेला, कधीच न सुकलेला दोरा. कवडी हलवली तर तिच्या फटीतून पाण्याचा एक थेंब आला आणि तळव्यावर पडला. मी त्या फटीकडं बघत बसले. ते तोंड आता मला मिटलेलं वाटत नव्हतं.

मला कळलं. तिथंच, ओसरीवर, एका क्षणात कळलं. नर्सिंगला शिकवलेलं सगळं आठवलं, ओलाव्यात काय वाढतं, कशाचा वास गोड येतो. आणि तरी मी दोरा काढला नाही. हे मला इथं स्पष्ट लिहायचंय. कळलं नव्हतं असं मी कुणालाच सांगू शकत नाही. एका बाजूला टेबलावर येणाऱ्या बायका होत्या, दुसऱ्या बाजूला माझं बाळ. मी बाळ धरलं. मनाला सांगितलं, जास्त घासून धुवू. स्पिरिट लावू. दोऱ्याला स्पिरिट लावलं, कवडीत थेंब सोडले. वास गेला. दोन दिवसांनी परत आला.

तोवर सरांनी तपासणी करायचं ठरवलं. लातूरहून प्रयोगशाळेचा माणूस आला. त्याच्याकडं चपट्या काचेच्या बशा होत्या, आत लालसर जेलीसारखं. नळ, टेबल, दिव्याची दांडी, बादली, सगळीकडं कापूस फिरवला, आणि आम्हा सगळ्यांची बोटं एकेका बशीत टेकवून घेतली. मी सकाळी आल्या आल्या दोन्ही हात स्पिरिटनं चोळले होते. दोरा कोपरापर्यंत चढवला होता.

"ताई, बोटं."

मी बोटं दिली. त्यानं बाही वर करायला सांगितलं नाही, आणि मी केली नाही. एवढंच. माझ्या सगळ्या अपराधाची कृती बघायला गेलं तर एवढीच आहे.

निकाल आला तेव्हा सरांनी सगळ्यांना बोलावलं. त्या माणसानं बादलीची बशी मुद्दाम सोबत आणली होती. झाकण उचललं. जेली हिरवी पडली होती, आणि खोलीत द्राक्षांचा वास पसरला. सगळे मावशीकडं बघत होते. माझी बशी स्वच्छ होती.

"सर, म्या रोज फिनेल टाकते," मावशी म्हणाली.

"रोज?"

"संपलं न्हाय तवर रोज."

"संपल्यावर सांगितलं का नाही?"

मावशी पदर सावरत खाली बघायला लागली. सांगितलं होतं, मला सांगितलं होतं. मी सामान मागवायच्या गडबडीत विसरले होते. तेही मी तिथं बोलले नाही.

सर वाईट माणूस नव्हते. पण गावात बोभाटा झाला होता, बायका दुसरीकडं जायला लागल्या होत्या, आणि बोट दाखवायला काहीतरी लागतं. मावशीला उद्यापासून येऊ नका म्हणाले.

जाताना ती माझ्याकडं आली. मी पट्ट्या गुंडाळत होते. ती नेहमीसारखी माझ्या पोटावर हात ठेवायला पुढं झाली, आणि मधेच थांबली. हात उलटा करून तळव्याकडं बघितलं. मग दोन्ही हात पदरात गुंडाळले.

"जपा," ती म्हणाली. "आन् ती कवडी काढू नका बरं, पोर हाती येऊस्तोवर."

तिला माहीत होतं. दार उघडता उघडता तिनं कधीतरी बाहीखाली बघितलं असणार. तिला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. ती देवीची वस्तू होती.

दुसऱ्या दिवशी सिझर होतं. मी नळापाशी उभी राहिले, हात वर केले. नेहमीप्रमाणे पाणी बोटांकडून कोपराकडं निघालं, दोऱ्यापाशी अडलं, आणि हात जरा खाली होताच कवडीवरून घरंगळत परत बोटांकडं आलं. आजवर रोज तसंच येत असणार. मागं दाराशी नवी बाई उभी होती, तिला काय करायचं ते माहीत नव्हतं. मी ट्रेमधली टाके कापायची कात्री घेतली आणि दोरा कापला.

दोऱ्याखालची कातडी पांढरीफटक, सुरकुतलेली होती, पाण्यात बुडून राहिलेल्या माणसाची असते तशी. मी पहिल्यापासून हात धुतले. नखांपासून कोपरापर्यंत, जसे धुवायला हवेत तसे.

त्या ऑपरेशनभर माझं बाळ हललं नाही. मॅडमनी टेबलावरच्या बाईचं मूल बाहेर काढलं, ते रडलं, मी चिमटे देत राहिले, धागे देत राहिले, आणि आत काहीच नाही. मनगटाच्या हाडावर टकटक नाही, पोटात लाथ नाही. इतकी शांतता मी कधी ऐकलेली नाही. मला वाटलं, झालं. मला ठरवायचं होतं ते मी ठरवलं आणि उत्तर आलं. सगळं संपवून हातमोजे उतरवले आणि स्टुलावर बसले, तेव्हा ते सावकाश कूस बदलल्यासारखं हललं. मला आनंद झाला नाही. लाजच वाटली. इतके दिवस ते त्या दोऱ्याला धरून नव्हतंच.

आईला सांगितलं की दोरा झिजून तुटला. माहेरी गेले तेव्हा माकणीजवळ धरणाच्या पाण्यात कवडी सोडली. ती बुडताना वर बुडबुडे आले. बराच वेळ येत राहिले, एवढ्याशा कवडीच्या मानानं फार वेळ.

आणि मग जखमा बऱ्या व्हायला लागल्या.

ह्याचा विचार मी केलाच नव्हता. आदल्या दिवशी मावशी गेली होती आणि दुसऱ्याच दिवशी दोरा गेला होता. दोऱ्याचं कुणाला माहीत नव्हतं. लाल बादली तर तीच राहिली, धुऊन, फिनेल टाकून नवी बाई तीच वापरत होती. पाचवी आली, गेली, टाके कोरडे. वॉर्डात बायका म्हणायला लागल्या, "बादली तीच हाय की. हात बदलला." हे बोलणं गावात गेलं, गावातून मावशीच्या वस्तीवर गेलं असणार. मी दोरा कापला आणि तिचा दोष पक्का केला. ठेवला असता तर बायका मेल्या असत्या, कदाचित ती सुटली असती. यातून बाहेर पडायची वाट एकच होती, बोलायचं. मी बोलले नाही. मला मुलगी झाली. ती आता कॉलेजात आहे.

मध्ये एकदा मावशी बसस्टँडवर दिसली. तेरखेड्याला फटाके बनवायच्या कारखान्यात जात होती. हात मनगटापर्यंत करडे, चंदेरी. मी हाक मारणार तोच तिनं तोंड फिरवलं. मला तेव्हा वाटलं, माझ्यावर रागावलीय. बरं वाटलं होतं ते.

सर गेले. मॅडम अजून दवाखाना चालवतात, मी अजून तिथंच आहे. नव्या मुली मला मागं खडूस म्हणतात. मी कुणाच्या हातात काही राहू देत नाही, राखी नाही, गंडा नाही, अंगठी नाही. गेल्या पावसाळ्यात एक बाई सिझरला आली. सोबत नवरा, आणि वॉर्डाच्या दाराबाहेर एक म्हातारी, हात पदरात गुंडाळून. मिश्रीचे दात बघितल्यावर ओळखलं. तिची सून होती ती.

मुलगी झाली. मावशी चार दिवस दाराबाहेरच बसून होती. आत यायची नाही. पाचवीच्या दिवशी सुनेनं मला हळूच विचारलं, "सिस्टर, मुलगी झाली म्हणून सासूबाई शिवत नसतील का हो?"

नवरा चिडला. "काय बी बोलू नको. बहिनीच्या पोराला बी आईनं कंदी घेतलं न्हाय. भावाच्या पोरांना बी न्हाय. बारसं, जावळ, सगळ्यात लांबच असती. नाद सोड तिचा."

"मग आज पूजेला बाळाला कोण घेणार? माझी आई आली नाही."

मी त्या दोघांना तिथंच सोडून बाहेर आले. मावशी बाकड्यावर होती.

"मावशी, बाळाला का घेत नाही?"

तिनं वर बघितलं. ओळखलं होतं, पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. "तुमाला ठाव हाय की, सिस्टर. माझा हात बरा न्हाय. त्या फडावरच्या पोरीची पाचवी म्याच मांडली न्हवं? कागद म्याच ठिवला." मग आवाज खाली घेऊन म्हणाली, "मला अजून येतो त्यो वास. भाकरी थापताना येतो. म्हनून फटाक्याच्या दारूच्या कामाला गेले. म्हनलं, हाताला दारू लागली की दुसरा वास मरंल."

मी तिच्या शेजारी बसले नाही, उभीच राहिले. उभ्या उभ्याच सांगितलं. कवडी, दोरा, ओसरी, स्पिरिट, बशी. फिनेल संपल्याचं तिनं मलाच सांगितलं होतं, तेसुद्धा. कापलं त्या दिवसापासून जखमा सुकल्या, हेही. वाक्यं तयार होती, इतकी वर्षं तयारच होती.

ती ऐकत होती. मधे एकदाच म्हणाली, "म्या तर म्हनलं हुतं, काढू नका."

"तुम्हाला माहीत नव्हतं."

"तुमाला हुतं."

"हो."

आत बाळ रडायला लागलं. मावशीनं पदरातून दोन्ही हात काढले आणि माझ्या तोंडासमोर धरले. बोटांच्या भेगांत करडी पूड कायमची बसली होती.

"घ्या वास. खरं सांगा."

मी वाकून हुंगलं. दारूचा वास, तंबाखू, थोडा घाम. "नाही येत, मावशी. द्राक्षांचा नाही येत."

"तुमचा आना."

मी डावा हात पुढं केला. तिनं मनगट धरलं, जिथं दोरा असायचा नेमकं तिथं, आणि नाकाशी नेऊन डोळे मिटून हुंगलं. फार वेळ. वॉर्डातलं रडणं, नळाचं पाणी, सगळं लांब गेल्यासारखं झालं. मग तिनं हात सोडून दिला. काय हुंगलं ते सांगितलं नाही. मी विचारलं नाही. रात्री उशीवर हात असला की मला अजून वाटतं, विचारायला हवं होतं.

ती उठून नळाकडं गेली. मी साबण पुढं केला, तो न घेता तिनं दुसरा घेतला. आणि हात धुतले. नखांपासून, बोटांच्या मधे, मनगट, मग कोपरापर्यंत. हात वर, पाणी कोपराकडं ओघळतंय. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. इतकी वर्षं दाराशी उभं राहून तिनं मला बघितलं होतं, जे मी करायला पाहिजे होतं ते.

मग ती हात तसेच वर धरून वॉर्डाच्या दारापर्यंत गेली आणि थांबली. दार लोटलेलं होतं. तिनं त्याला हात लावला नाही, खांदा लावला नाही, मागं वळूनही बघितलं नाही. नुसती उभी राहिली.

मी पुढं होऊन दार उघडलं.